करंगळीची ताकद कोपरापाशी

गिटारच्या क्लासमध्ये पहिल्या दोन-तीन महिन्यांत एक प्रश्न हमखास येतो. सी, जी, डी, ए मायनर हे कॉर्ड बऱ्यापैकी वाजू लागलेले असतात. मग शिक्षक एफ मेजर दाखवतात. तर्जनी आडवी पाडून सहाही तारांवर ठेवायची आणि उरलेली तीन बोटं तिच्यापुढे बसवायची. दोन तारा बझ होतात, एक मुकीच राहते, अंगठ्याच्या बुडाशी कळ येते आणि विद्यार्थी विचारतो, "सर, माझ्या बोटांत ताकदच नाही. काही व्यायाम आहे का?" लगेच कुणीतरी स्प्रिंगचा ग्रिपर सुचवतं. तो महिनाभर दाबून होतो, तरी एफ मेजर बझ होतोच.

ग्रिपर काम करत नाही असं नाही, पण तो वेगळ्याच कामाची तयारी करून घेतो. बोटांना ताकद कुठून येते, गिटार ती मागते किती आणि त्यातली गिटारनेच उगाच वाढवलेली मागणी किती, हे एकदा कळलं की व्यायाम कोणता करायचा हे ठरवणं सोपं जातं. (या प्रकरणात तारा दाबणारा हात डावा धरला आहे. डावखुऱ्यांनी उलट वाचावं.)

१. बोटांत स्नायू नसतातच

उजव्या हाताने डाव्या हाताचा कोपराखालचा मांसल भाग आतल्या बाजूने धरा. आता डाव्या हाताची बोटं एकेक करून तळव्याकडे वाकवा. उजव्या हाताच्या मुठीत काहीतरी सरकताना आणि फुगताना लागेल. तुमची बोटं वाकवणारे मुख्य स्नायू तिथे आहेत. बोटांमध्ये हाडं, सांधे, नसा, रक्तवाहिन्या आणि कातडी आहे, पण बोट वाकवणारा स्नायू एकही नाही.

सायकलचा ब्रेक आठवा. मूठ हँडलवर, रबर चाकापाशी आणि दोघांच्या मध्ये आवरणातून गेलेली वायर. वायर स्वतः जोर लावत नाही, मुठीचा जोर चाकापर्यंत पोचवते. हाताची रचनाही अशीच आहे. कोपराखालच्या स्नायूंपासून लांब, चिवट, पांढऱ्या दोऱ्या निघतात आणि मनगटातून, तळव्यातून बोटांच्या हाडांपर्यंत जातात. या दोऱ्यांना कंडरा म्हणतात. त्यांनाही आवरण असतं आणि आत वंगणासारखा बुळबुळीत द्रव असतो. वाकवणारे स्नायू फोरआर्मच्या, म्हणजे कोपर ते मनगट या भागाच्या, आतल्या बाजूला असतात. बोटं सरळ करणारे स्नायू मागच्या, केसाळ बाजूला असतात.

मनगटात हाडं आणि एक जाड पट्टा यांच्यामधून एक अरुंद बोगदा जातो. त्यातून वाकवणाऱ्या नऊ कंडरा जातात आणि त्यांच्याबरोबर दाटीवाटीने एक मोठी नसही जाते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांतली संवेदना ही नस वाहून नेते. शेवटच्या भागात तिच्याकडे पुन्हा यायचं आहे.

ब्रेकची वायर कुठे अवघड वळली तर मूठ जड लागते. मनगटाचंही तेच आहे, शिवाय त्यात आणखी एक भानगड आहे. मुठीत पेन घट्ट धरा आणि मनगट आतल्या बाजूला जितकं वाकेल तितकं वाकवा. पकड आपोआप ढिली होते आणि पेन कुणालाही सहज ओढून घेता येतं. मनगट वाकल्यावर वाकवणारे स्नायू आधीच आखडलेले असतात. त्यांना आणखी आखडायला जागाच उरत नाही, म्हणून जोरही लावता येत नाही. पलंगावर मांडी घालून, गिटार मांडीत आडवी टाकून वाजवणाऱ्यांची नेमकी हीच अवस्था असते. गिटारची मान खाली जाते, डावं मनगट काटकोनाच्या जवळपास वळतं आणि हाताची बरीच ताकद तार दाबण्याआधीच वाया जाते. क्लासिकल गिटारवादक डाव्या पायाखाली छोटं स्टूल ठेवतात. त्याने मान वर उचलली जाते आणि मनगट सरळ होतं. घरी एक साधी खुर्ची आणि पायाखाली दोन जाड पुस्तकं पुरतात.

तळव्यातही छोटे स्नायू आहेत. बोटं फाकवणारे, जवळ आणणारे आणि अंगठ्याच्या बुडाशी फुगीर दिसणारे. कॉर्ड बदलताना बोटं नेमकी जागेवर पडतात ती बरीचशी यांच्यामुळे. पण जोराचं मुख्य ठिकाण कोपराखाली आहे.

२. अनामिका ऐकत का नाही

हात टेबलावर पालथा ठेवा. मधलं बोट वाकवून तळव्याखाली घ्या आणि बाकीची बोटं सरळ टेकलेली राहू द्या. आता अंगठा उचला, उचलला जातो. तर्जनी आणि करंगळीही उचलली जाते. अनामिका उचलून बघा. बहुतेकांना ती खिळ्याने ठोकल्यासारखी वाटते.

ती कमकुवत नाही. पंजाच्या मागच्या बाजूला मधलं बोट, अनामिका आणि करंगळी यांच्या कंडरांना एकमेकींशी जोडणारे आडवे पट्टे असतात. मधलं बोट खाली गेलं की ते अनामिकेच्या कंडरेला धरून ठेवतं. वाकवणाऱ्या बाजूलाही या तीन बोटांची टोकं वाकवणारा खोल स्नायू बराचसा सामाईक असतो. तर्जनीचा भाग मात्र बऱ्यापैकी वेगळा निघालेला असतो, म्हणून तर्जनी सगळ्यात स्वतंत्र वागते. करंगळी तर बऱ्याच जणांत अनामिकेला सोबत घेऊनच वाकते. तुमची करंगळी एकटी वाकत नसेल तर तुम्ही बहुसंख्यांत आहात.

हे पट्टे व्यायामाने तुटत नाहीत आणि तुटूही नयेत. रॉबर्ट शुमान हा जर्मन संगीतकार विशीत पियानोवादक व्हायच्या जिद्दीने लाइपझिगमध्ये शिकत होता. उजव्या हाताचं मधलं बोट ऐकत नाही म्हणून त्याने एक यांत्रिक साधन वापरलं. १८३२ च्या त्याच्या रोजनिशीत त्या साधनाचा उल्लेख आहे. हाताचं दुखणं त्याआधीच सुरू झालं होतं. साधनाने ते वाढवलं का, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. हात मात्र सुधारला नाही. शुमानने वादनाची कारकीर्द सोडली आणि संगीतरचनेकडे वळला. संगीताच्या इतिहासाचा त्यात फायदाच झाला, पण शुमानला त्या वेळी तसं वाटलं नसणार.

मग बोटांचं स्वातंत्र्य येतं कसं? मेंदूतून येतं. 'हे बोट हलव आणि शेजारच्याला गप्प बसव' हा हुकूम जितका नेमका सुटेल तितकी बोटं स्वतंत्र होतात. तसा हुकूम सुटतो तो सावकाश, बिनचूक सरावाने. कोणत्याही नव्या व्यायामात पहिल्या काही आठवड्यांत वाढलेली ताकद मुख्यतः नसांच्या शिस्तीतून येते, स्नायू जाड व्हायला नंतर सुरुवात होते. म्हणून रोज पंधरा मिनिटं चार बोटांचा हळू सराव केला तर महिन्याभरात 'बोटांत जोर आला' असं वाटतं, फोरआर्मचा घेर मात्र तेवढाच असतो.

बोटांची संख्याही शेवटची मर्यादा नसते. जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्ट १९२८ साली पॅरिसजवळ त्याच्या घरगाडीला लागलेल्या आगीत होरपळला. वय अठरा. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी कायमची आखडली. त्याने उरलेल्या दोन बोटांनी सोलो वाजवायचं नवं तंत्र बसवलं. आखडलेली दोन बोटं तो फक्त काही कॉर्डमध्ये टेकवण्यापुरती वापरी. १९३४ नंतरची त्याची ध्वनिमुद्रणं ऐकताना दोन बोटं कुठे कमी पडली हे शोधून दाखवता येत नाही.

३. गिटार मागते तरी किती?

स्टीलच्या तारांच्या साध्या अकूस्टिक गिटारवर, सुरात लावल्यावर, सहा तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या आसपास असतो. नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारवर तो चाळीस किलोच्या आगेमागे असतो. हे आकडे ऐकून घाबरायचं कारण नाही. तो ताण गिटारचं लाकूड सोसतं. बोटाला फक्त तार फ्रेटपर्यंत, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीपर्यंत, खाली न्यायची असते.

हिशोब करून बघू. एका तारेचा ताण १२ किलो धरला आणि पहिल्या फ्रेटपाशी ती अर्धा मिलिमीटर खाली न्यायची असेल, तर साधारण २०० ग्रॅमचा जोर पुरतो. म्हणजे एका मध्यम आकाराच्या सफरचंदाचं वजन. आता तीच तार तिथे एक मिलिमीटर उंच असेल तर? जोर दुप्पट, ४०० ग्रॅम. एफ मेजरसारख्या, तर्जनी आडवी पाडून धरायच्या बार कॉर्डमध्ये तीन-चार तारा एकाच बोटाने दाबायच्या असतात, त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरच्या या फरकाचा गुणाकार होतो. पाचव्या फ्रेटवर तार दीड मिलिमीटर उंच असली तरी १५० ग्रॅम पुरतात, कारण तिथून तारेची दोन्ही टोकं लांब असल्याने ती सहज लवते.

यातून घरच्या घरी करायची एक तपासणी निघते. एफ मेजरचाच आकार पाचव्या फ्रेटवर नेऊन बघा (तिथे तो ए मेजर होतो). तिथे स्वच्छ वाजला आणि पहिल्या फ्रेटवर नाही, तर पहिला संशय तुमच्या हातावर घेऊ नका. गिटारच्या मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीला नट म्हणतात, आणि स्वस्त गिटारवर तिच्या खाचा बऱ्याचदा पुरेशा खोल कापलेल्या नसतात. गिटार दुरुस्त करणाऱ्या चांगल्या कारागिराचं हे तासाभराचं काम असतं. माझं मत सांगायचं तर ग्रिपरवर पैसे घालण्याआधी ते सेटअपवर घालावेत.

तारांची फ्रेटपासूनची उंची म्हणजे अ‍ॅक्शन. ती ऋतूप्रमाणेही बदलते. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात लाकूड ओल पितं, गिटारची पुढची फळी किंचित फुगते, तिच्यावरचा ब्रिज वर उचलला जातो आणि तारा उंच होतात. जूनपर्यंत नीट वाजणारे कॉर्ड ऑगस्टमध्ये जड लागले तर आपला सराव कमी पडला असं वाटतं. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात उलट होतं, फळी खाली बसते आणि तारा बझ होऊ लागतात. गिटार केसमध्ये ठेवून सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या तर पावसाळा बराच सुसह्य होतो.

ताण कमी करायचा आणखी एक सोपा उपाय म्हणजे सूर उतरवणं. तारेचा ताण तिच्या कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. सहाही तारा अर्धा स्वर उतरवल्या की ताण सुमारे ११ टक्के घटतो, पूर्ण स्वर उतरवल्यावर साधारण २० टक्के. तीन अर्धस्वर उतरवले तर २९ टक्के.

हे तीन अर्धस्वर प्रसिद्ध आहेत. बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात काम करणारा सतरा वर्षांचा टोनी आयोमी डावखुरा होता, म्हणजे तारा दाबायचा त्याचा हात उजवा. कामाच्या शेवटच्या दिवशी यंत्रात त्या हाताच्या मधल्या बोटाचं आणि अनामिकेचं टोक तुटलं. गिटार संपली असं तो धरून चालला होता. तेव्हा कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगोची रेकॉर्ड ऐकवली. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यांवर चामडं चिकटवलं, बारीक तारा चढवल्या आणि पुढे सूरही उतरवले. ब्लॅक सबाथच्या १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी' या अल्बममधली काही गाणी तीन अर्धस्वर खाली आहेत. हेवी मेटलचा तो जड, खर्जातला आवाज जगभर गाजला. आयोमीने ग्रिपर दाबत बसण्याऐवजी वाद्याची मागणीच कमी केली.

नवशिक्याने निदान अर्धा स्वर उतरवून सराव करायला काहीच हरकत नाही. गाणं मूळ पट्टीत हवं असेल तेव्हा पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सहाही तारा दाबून धरणारा चिमटा, लावायचा. कॅपोचा आणखी एक फायदा आहे. तो वरच्या फ्रेटवर लावला की बोटांना कमी ताणावं लागतं. ६५० मिलिमीटर लांबीच्या तारेवर पहिल्या चार फ्रेटमध्ये चार बोटं बसवायची तर १३.४ सेंटिमीटरची जागा व्यापावी लागते. पाचव्या ते आठव्या फ्रेटमध्ये १०.६ सेंटिमीटर पुरतात. लहान पंजा असणाऱ्याने बोटांचे सराव पाचव्या फ्रेटपासून सुरू करून आठवड्याला एकेक फ्रेट खाली यावं.

४. एफ मेजर, जवळून

आता त्या कॉर्डकडे नीट बघू. तर्जनी सहा तारांवर आडवी असते खरी, पण त्यातल्या किती तारा तिने दाबलेल्या ऐकू येतात? तिसरी तार मधल्या बोटाने दुसऱ्या फ्रेटवर दाबलेली आहे. पाचवी आणि चौथी अनामिका आणि करंगळीने तिसऱ्या फ्रेटवर. म्हणजे तर्जनीने स्वच्छ वाजवायच्या तारा तीनच, सगळ्यात जाड सहावी आणि सगळ्यात बारीक दोन, दुसरी आणि पहिली. मधल्या तीन तारांवर ती नुसती टेकलेली असली तरी चालते. सहाही तारांवर सारखा दाब देण्यात विद्यार्थी दमतात, आणि त्यातला निम्मा जोर कुणाला ऐकूच येत नाही. बी मायनरमध्ये तर तर्जनीकडे पाचवी आणि पहिली अशा दोनच तारा उरतात.

तर्जनीचा पोटाकडचा भाग मऊ असतो आणि सांध्यांपाशी घड्या असतात. बारीक तार नेमकी घडीत बसली की मुकी होते. बोट किंचित नटच्या दिशेला, अंगठ्याकडच्या कडेवर कलंडवा. तिथे हाड कातडीच्या जवळ असतं. बोट एखादा मिलिमीटर वर-खाली सरकवलं की घडीही तारेखालून निघते. आणि बोट फ्रेटला जवळजवळ चिकटून ठेवा. दोन फ्रेटच्या मधोमध दाबलं तर त्याच स्वच्छ आवाजासाठी लक्षणीय जास्त जोर लागतो.

अंगठ्याचं काय? बहुतेक जण अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये गिटारची मान चिमटीत धरल्यासारखी आवळतात. म्हणून कळ अंगठ्याच्या बुडाशी येते. चिमटीचे स्नायू लहान आहेत. त्याऐवजी उजव्या हाताचा कोपर गिटारच्या बॉडीवर हलकेच टेकवून बॉडी छातीशी धरा, आणि डावा कोपर किंचित मागे ओढा. तारांवरचा दाब आता दंडातून आणि पाठीतून येतो. अंगठा क्षणभर पूर्ण काढून बघा. कॉर्ड थोडा तरी वाजला पाहिजे. पहिल्यांदा हे जमलं की विद्यार्थ्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

किती दाब पुरेसा, हे हाताला शिकवायची एक रीत आहे. एक तार हलकेच स्पर्शून वाजवा, फक्त टक असा आवाज येईल. दाब अगदी कणाकणाने वाढवा. आधी बझ येईल, मग सूर स्वच्छ होईल. तिथेच थांबा. मग नेहमी दाबता तितकं दाबा आणि फरक अनुभवा. बहुतेकांचा नेहमीचा दाब गरजेच्या खूपच वर असतो, आणि त्या जास्तीच्या दाबाने सूर किंचित चढाही होतो. म्हणजे घाम गाळून बेसूर.

५. आता व्यायाम

एवढं करूनही स्नायूंचं काम उरतंच. तासभर कॉर्ड धरायचे, स्टेजवर उभं राहून दोन तास वाजवायचं, तर फोरआर्ममध्ये दम हवा. पण कसला दम?

स्नायू आवळून धरला की तो आपल्याच आतल्या रक्तवाहिन्या दाबतो. रक्त कमी पोचतं आणि जळजळ सुरू होते. सोडला की रक्त पुन्हा येतं. गिटारवादकाला म्हणून सर्वांत उपयोगी सराव म्हणजे दाबणं आणि सोडणं. मेट्रोनोम ६० वर लावा. एका ठोक्याला कॉर्ड दाबून वाजवा, पुढच्या ठोक्याला बोटं तारांवरून न उचलता फक्त दाब काढा. एकेका कॉर्डवर दोन मिनिटं. हात दमण्याआधी सोडायची सवय लागली की दम आपोआप दुप्पट वाटतो.

ग्रिपर चारही बोटं एकत्र, पूर्ण जोराने आवळायला लावतो. सह्याद्रीत कातळ चढणाऱ्यांची पकड लोखंडी असते, पण त्यांचाही पहिला एफ मेजर बझच होतो. गिटारला बोटं वेगवेगळी, कमी जोराने आणि पटकन उचलता यायला हवीत. उचलणं हा शब्द महत्त्वाचा आहे. दिवसभर आपण फोन धरतो, पिशव्या धरतो, दुचाकीचा क्लच आवळतो. वाकवणाऱ्या स्नायूंना काम भरपूर मिळतं, सरळ करणाऱ्यांना फार थोडं. म्हणून पहिला व्यायाम उलट दिशेचा. भाजीच्या जुडीला बांधलेला रबर पाचही बोटांच्या टोकांभोवती घाला आणि बोटं फाकवा. सावकाश उघडा, त्याहून सावकाश मिटा. दहा-बारा वेळा झालं की थोडं थांबून पुन्हा. सोपं वाटायला लागलं की दुसरा रबर चढवा. तांदळाचा मोठा डबा असेल तर त्यात मनगटापर्यंत हात खुपसून आत बोटं उघडणं-मिटणं हाही जुना, चांगला प्रकार आहे. घरात विचारून केलेला बरा.

दुसरा व्यायाम मनगटाचा. मूठ आवळली की फोरआर्मच्या मागच्या बाजूला हात लावून बघा, तोही भाग कडक झालेला असतो. बोटं वाकताना मनगट आत ओढलं जाऊ नये म्हणून मागचे स्नायू ते धरून ठेवतात. कॉर्ड धरताना हे सतत चालू असतं. त्यांनाच कंटाळा आला की कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखणं सुरू होतं, ज्याला टेनिस खेळला नसलात तरी टेनिस एल्बो म्हणतात. खुर्चीत बसा, फोरआर्म मांडीवर टेकवा आणि पंजा गुडघ्यापुढे मोकळा ठेवा. हातात पाण्याची भरलेली एक लिटरची बाटली, म्हणजे एक किलो. तळवा खाली ठेवून मनगट वर उचला आणि तीन-चार सेकंद घेत खाली आणा. खाली आणण्याचा भाग घाईत उरकू नका, स्नायू आणि कंडरा दोन्हींना त्याचाच जास्त फायदा होतो. मग तळवा वर करून तेच. प्रत्येकी दहा-बारा वेळा, दोन फेऱ्या.

तिसरा, पिळण्याचा. लाटणं एका टोकाला धरा, कोपर कमरेला लावा आणि लाटणं उभं करून घड्याळाच्या काट्यासारखं हळूहळू दोन्ही बाजूंना आडवं करा. बार कॉर्डमध्ये फोरआर्म जसा किंचित वळवावा लागतो तीच ही हालचाल आहे. ओला टॉवेल दोन्ही दिशांनी पिळला तरी चालतो, कपडेही वाळायला मदत.

एक दिवसाआड करा, आणि सरावाच्या आधी करू नका. दमलेल्या हाताने वाजवलं की मेंदू चुकीच्या हालचाली शिकतो. स्नायू आठवड्यांत बदलतात, पण कंडरांना रक्तपुरवठा कमी असतो आणि त्यांना मजबूत व्हायला महिने लागतात. ब्रेकची मूठ नवी आणि वायर जुनी, अशी ही मधली अवस्था. हात जोमात वाटतो म्हणून एकदम चार तास वाजवणारे याच काळात दुखणं ओढवून घेतात. परीक्षेनंतरच्या सुट्टीत आणि कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात हे सर्रास घडतं.

बोटांच्या टोकांची कातडी दुखते तो वेगळा विषय. तीन-चार आठवड्यांत घट्टे पडतात आणि प्रश्न मिटतो. तोपर्यंत थोडं थोडं, दिवसातून दोन-तीन वेळा वाजवावं.

६. थकवा कुठे संपतो

फोरआर्मच्या मांसल भागात जडपणा आला, दोन मिनिटं हात सोडून बसल्यावर गेला, तर तो थकवा. सांध्यापाशी किंवा मनगटापाशी टोचल्यासारखं दुखणं, दुसऱ्या दिवशी सकाळीही असणं, बोट वाकवून सरळ करताना अडकून खटकन सुटणं, हा थकवा नाही. तिथे 'दुखेल पण दम धर' हा आखाड्यातला सल्ला उपयोगाचा नाही.

मुंग्या कुठे येतात हे नीट बघून ठेवा. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात येत असतील, विशेषतः रात्री, तर मनगटाच्या बोगद्यातली ती नस दबली असण्याची शक्यता असते. करंगळी आणि अनामिकेच्या बाहेरच्या अर्ध्या भागात येत असतील तर दुसरी नस, जी कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडामागून जाते. कोपर आपटल्यावर जी झिणझिणी येते ती हीच. कोपर बराच वेळ घट्ट दुमडलेला राहिला की ती ताणली जाते, आणि गिटारवादकाचा डावा कोपर दुमडलेलाच असतो. तासभर वाजवताना दोन-तीन वेळा हात सरळ खाली सोडणं एवढंही तिला बरंच असतं.

आणखी एक प्रकार दुर्मीळ आहे, पण ओळखता आला पाहिजे. दुखत काहीच नाही, बाकी सगळी कामं नीट होतात, फक्त वाद्य हातात घेतलं की एखादं बोट आपणहून आत वळतं किंवा ताठ होतं. याला फोकल डिस्टोनिया म्हणतात. व्यावसायिक वादकांत साधारण शंभरातल्या एकाला होतो असं मानतात. शुमानचं दुखणंही हेच असावं असं आज अनेकांना वाटतं. अमेरिकी पियानोवादक लिऑन फ्लायशर यांचा उजवा हात १९६४ च्या सुमारास असाच बंद पडला आणि पुढची कित्येक वर्षं ते डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचना वाजवत राहिले. यात दोष स्नायूंच्या ताकदीत नसतो, मेंदूतल्या नियंत्रणात असतो. म्हणून बोट ऐकत नाही तर जास्त सराव करू, हा स्वाभाविक विचार इथे नुकसान करतो. न्यूरॉलॉजिस्टकडे जावं.

बाकीच्या दुखण्यांसाठी हाडांचे डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट. दोन-तीन आठवडे विश्रांती घेऊनही दुखणं तसंच असेल तर टाळाटाळ करू नका. जाताना गिटार बरोबर न्या आणि नेहमी जसे बसता तसे बसून दोन मिनिटं वाजवून दाखवा. नुसता रिकामा हात तपासून मनगट किती वाकतं, खांदा कुठे उचलला जातो, अंगठा किती आवळला जातो हे त्यांना कळणार नाही, आणि दुखण्याचं कारण बऱ्याचदा तिथेच असतं.